दोनशे टक्के

माझ्या दिराने माझं दुकान बुडवलं आणि वर मलाच म्हणाला, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलं. चांगलं घट्ट लावून घेतलं आणि वेळ येईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, राग आला की पाणी प्यावं. मी पाण्याने विझणाऱ्यातली नाही.

दुकान घराच्याच तळमजल्यावर, कम्प्युटर जोडून देण्याचं. ऑफिसात हिशेब करायचे कम्प्युटर नव्हेत, गेम खेळायचे. गिऱ्हाईक आलं की उंबरठ्यातूनच विचारायचं, "सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड कुठलं?" मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता म्हणायचे, "आधी स्क्रीन कुठली आहे ते सांगा." लोकांना हे उर्मट वाटायचं. वाटू दे. डॉक्टरही आधी जीभ दाखवा म्हणतो, तेव्हा कुणी रुसत नाही.

कारण सगळा खेळ स्क्रीनच्या मापाचा आहे. गेममधलं चित्र म्हणजे एक भिंत समजा आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे रंगारी. हा रंगारी तीच भिंत सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवतो. एकदा रंगवली की एक फ्रेम. साठ फ्रेम जमल्या तर खेळ पाण्यासारखा वाहतो, वीसच जमल्या तर माणूस धावता धावता गचके खातो. रिझोल्युशन म्हणजे त्या भिंतीचं माप. भिंत मोठी केली आणि रंगारी तोच ठेवला, तर त्याच्या फेऱ्या कमी होणारच. आणि लोक फसतात ते इथे: भिंत दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच केली की त्यांना वाटतं काम दुप्पट झालं.

सासूबाईंना मी हे एकदा सांगत होते. त्या स्वेटर विणत होत्या. सुया न थांबवता म्हणाल्या, "दुप्पट रुंद, दुप्पट उंच? म्हणजे टाके चौपट."

"बरोबर, आई."

"इतकं सरळ आहे तर तुझ्या गिऱ्हाइकांना का कळत नाही?"

"ती विणत नाहीत ना!"

तर मी स्क्रीन विचारून कार्ड निवडायचे, आणि मशीन हातात देताना शब्द द्यायचे: या स्क्रीनवर फ्रेम साठच्या खाली येणार नाहीत, आल्या तर परत आणा. कुणी परत आणलं नाही. मला जाहिरात करावी लागत नव्हती. "ताई बरोबर आहे म्हणाल्या की बरोबर असतं," असं लोक एकमेकांना सांगायचे, आणि ते ऐकलं की माझी मान जरा ताठ व्हायची, हे मी लपवणार नाही.

दीर वरच्या मजल्यावर राहतो. त्याचं व्हिडिओचं चॅनल आहे, नाव 'तोंडावर'. टेबलाभोवती दिवे लावून बसतो आणि दर व्हिडिओच्या सुरुवातीला छातीवर हात मारून म्हणतो, "पाठीमागे नाही, तोंडावर!" कंपन्या त्याला नवी मशीनं पाठवतात, तो त्यांच्यावर गेम चालवतो, कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दाखवतो आणि निकाल देतो. बोलतो छान. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

एके दिवशी तो स्वतःहून खाली आला. "वहिनी, तुमचं एक मशीन द्या. व्हिडिओ करतो. दुकानाचं नाव होईल."

मी मशीन पुसलं, आतल्या वायरी ओळीने बांधल्या, पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या लेकरासारखं नीटनेटकं करून वर पाठवलं. सोबत निरोप दिला: फुल एचडी स्क्रीनसाठी आहे, साठच्या खाली जाणार नाही.

व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला. सासूबाई मध्यभागी, चष्मा पुसून. पडद्यावर दीर म्हणाला, "मित्रांनो, हे मशीन माझ्या सख्ख्या वहिनीच्या दुकानातलं आहे. त्यांनी मला साठ फ्रेमचा शब्द दिलाय. आता बघा." आणि कोपऱ्यातला आकडा दिसला. बावीस. मग एकवीस. मग परत बावीस. त्याचा योद्धा डोंगर चढताना लंगडत होता. दिराने कॅमेऱ्याकडे बघून मोठा सुस्कारा टाकला. "वाईट वाटतंय. पण घरचं आहे म्हणून झाकणार नाही. तोंडावर सांगतो, घेऊ नका."

खाली लोकांच्या प्रतिक्रियांचा पाऊस. दादा, सलाम तुम्हाला. दादा, घरच्यांनाही सोडत नाहीत. असा प्रामाणिक माणूस आजकाल कुठे मिळतो! माझी अब्रू गेली आणि त्याच्या गळ्यात हार पडला.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'बावीसवाली' पडलं. आधी मशीन घेऊन गेलेले, सुखाने खेळणारे लोकसुद्धा मशीन काखोटीला मारून आले, "ताई, जरा बघता का, मनात शंका आली." नवं गिऱ्हाईक रस्त्यावरूनच आत डोकावून पुढे जायचं. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने जन्मात गेम खेळला नसेल, त्यानेही पिशवी देताना विचारलं, "ताई, ते बावीसचं काय झालं हो?" त्याला मी काय सांगणार! दूध घेतलं आणि आले.

मशीन खाली आणून मी ते पुन्हा चालवलं. पंचाहत्तर. अवघड जागीसुद्धा सत्तरच्या वर. मी दिराला हाक मारून दाखवलं.

तो वाकून आकडा बघत म्हणाला, "आत्ता चालतंय. तेव्हा चालत नव्हतं. तुम्ही उघडून काहीतरी नीट केलं असेल. चांगलंच आहे की."

"मी स्क्रूसुद्धा काढलेला नाही, भावजी."

"मग तेव्हा काहीतरी सैल असेल. वहिनी, मनाला लावून घेऊ नका."

नवरा मध्ये पडला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना धीर देणं त्याच्या अंगात इतकं मुरलंय की घरातही तो दोघांच्या मध्ये उभा राहून म्हणतो, थोडा वेळ, आत्ता होईल. मला म्हणाला, "जाऊ दे ना. घरातलं घरात राहू दे."

"घरातलं जगाला त्यानेच दाखवलं ना?"

"त्याच्या मनात काही नव्हतं गं."

हेच तर माझ्या डोक्यात जायचं. मनात काही असतं तर मी भांडले असते. मनात काही नसताना, हसत हसत, विचारायची तसदी न घेता माणसाने माणूस मोडावा, याला काय म्हणायचं?

तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला की सासूबाईंना वाटलं, मी दिराला माफ केलं. मी आकडा बघत नव्हते, बाकीचं सगळं बघत होते. आणि एकदा सापडलं. तो मेन्यूतून बाहेर पडताना सेटिंगचं पान डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ दिसतं. मी तिथे व्हिडिओ थांबवला. वरच्या ओळीत रिझोल्युशन: फुल एचडी. बरोबर. त्याच्या खाली बारीक अक्षरात रेंडर स्केल, आणि तिथली पट्टी पार उजव्या टोकाला. दोनशे टक्के.

ही पट्टी फसवी आहे. स्क्रीनचं माप तेच राहतं, वरच्या ओळीत काही बदलत नाही, पण गेम आतल्या आत चित्र मोठं रंगवतो आणि मग दाबून स्क्रीनवर बसवतो. फोटो काढायला उत्तम, कडा सुरीसारख्या धारदार येतात. खेळायला मरण. दोनशे टक्के म्हणजे दुप्पट रुंद, दुप्पट उंच. माझा रंगारी एकट्याने चार भिंती रंगवत होता, आणि हा बाहेर उभा राहून सांगत होता की कामचुकार आहे.

पट्टी तिथे गेली कशी, हेही मला कळलं. व्हिडिओच्या वर लावायला दिराला सुंदर चित्र लागतं. त्यासाठी तो आपल्या खोलीतल्या मशीनवर पट्टी टोकाला नेऊन फोटो काढतो. हा गेम आपलं सेटिंग मशीनमध्ये ठेवत नाही, खेळणाऱ्याच्या अकाउंटमध्ये ठेवतो. म्हणजे तुम्ही ज्या मशीनवर लॉगिन कराल तिथे तुमची पट्टी तुमच्या मागोमाग येते. खाली मी माझ्या अकाउंटने चालवलं, म्हणून पंचाहत्तर आले होते. कंपन्या त्याला आपापलं तपासणीचं अकाउंट देतात, म्हणून तिथे घोटाळा होत नाही. मी कुठून देणार अकाउंट? माझ्या मशीनवर तो स्वतःच्या अकाउंटने बसला. वरची ओळ वाचली, फुल एचडी दिसलं, समाधान झालं. खालची ओळ वाचली नाही.

मी खुर्चीतून उठले ती थेट जिन्याकडे. वर जाऊन त्याच्या नाकासमोर ते पान धरायचं होतं. अर्ध्या जिन्यात थांबले. धरून काय झालं असतं? तो म्हणाला असता, "अरेच्चा! सॉरी हं वहिनी." व्हिडिओच्या खाली, जिथे कुणी वाचत नाही तिथे, एक ओळ टाकली असती. आणि मी बावीसवालीच राहिले असते. बदनामी चौकात आणि माफी गल्लीत, हे मला चालणार नव्हतं. त्याला चौकातच, भरल्या लोकांत, स्वतःच्या तोंडाने आपटताना मला बघायचं होतं. मी जिना उतरले आणि स्वतःसाठी चहा टाकला.

मग मी फार गोड झाले. "भावजी, दमलात का?" "भावजी, नवा व्हिडिओ छान झालाय." नवऱ्याने तर सासूबाईंना सांगून टाकलं की ही आता निवळली.

काही महिन्यांनी एका मोठ्या कंपनीने दिराला बोलावलं. त्यांचं सगळ्यात महाग मशीन बाजारात येणार होतं, फोर-के स्क्रीनवर सुरळीत चालणारं. मोठा हॉल, हजारभर माणसं, शिवाय थेट प्रक्षेपण. मशीन चालवून दाखवणार दीर. जमलं तर वर्षभर त्यांच्या सगळ्या जाहिरातींत त्याचाच चेहरा. घरात दुसरा विषय नव्हता. आम्हा तिघांसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या होत्या. मी इस्त्रीचे कपडे घालून गेले.

हॉलच्या दारात दिराच्या त्या योद्ध्याचं पुरुषभर उंच पोस्टर होतं. मी जवळ गेले. शिरस्त्राणाची कडा बघितली, घोड्याच्या आयाळीचा एकेक केस बघितला. एवढी धार शंभर टक्क्यांवर येत नाही. म्हणजे पोस्टरसाठी पट्टी पुन्हा उजव्या टोकाला गेली होती, आणि ज्याला ती खाली आणायची आठवण एकदा राहिली नाही, त्याला दुसऱ्यांदा तरी कुठून राहणार? माझ्या हाताला घाम फुटला. आनंदाने.

आता प्रश्न एकच होता, तो अकाउंट कुणाचं वापरतो. कंपनीच्या इंजिनीअर बाई स्टेजवर होत्या, आखूड केस, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी त्यांच्या अकाउंटवर सगळं तपासलं आणि मागच्या केबिनमध्ये गेल्या. त्या गेल्यावर दीर माइकची वायर सोडवत म्हणाला, "लोक माझा योद्धा बघायला आलेत, यांच्या अकाउंटवरचा ठोकळा नाही." आणि त्याने त्यांचं अकाउंट बंद करून स्वतःचं उघडलं.

मी पहिल्या रांगेतून बघत होते. तेवढ्यात त्याने मला हात केला.

"वहिनी, जरा वर येता? तुमची नजर बारीक आहे. एकदा सेटिंग बघा ना, तोवर मी माइक लावतो."

मी वर गेले. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः बाजूला उभा राहिला. कपाळ घामेजलं होतं. क्षणभर तो मला लग्नानंतर पहिल्या दिवशी दिसला होता तसा दिसला, शाळेचं दप्तर घेऊन दारात उभा, नव्या वहिनीशी काय बोलावं हे न सुचलेला. मी सेटिंग उघडलं. वरची ओळ: फोर-के. खालची ओळ: दोनशे टक्के. फोर-के म्हणजे मुळातच फुल एचडीच्या चौपट, आणि त्यावर दोनशे टक्के म्हणजे आणखी चौपट. सोळा भिंती! असा रंगारी कुठल्याच कंपनीने अजून जन्माला घातलेला नाही; एवढा रंग कार्डाच्या मेमरीत मावतसुद्धा नाही.

माउसवर माझं बोट होतं. पट्टी डावीकडे सरकवायला एक श्वाससुद्धा लागला नसता.

"काय वहिनी? बरोबर आहे ना सगळं?"

मला दूधवाला आठवला.

"सगळं बरोबर आहे, भावजी," मी म्हणाले, आणि खाली येऊन माझ्या जागेवर बसले.

कार्यक्रम सुरू झाला. छातीवर हात, "पाठीमागे नाही, तोंडावर!", टाळ्या. मागच्या प्रचंड पडद्यावर त्याचा योद्धा उभा राहिला. कोपऱ्यात आकडा: अकरा. घोडा उडी मारायला गेला आणि हवेत अडकला, मग तुकड्यातुकड्याने खाली आला. नऊ. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. दिराने आणखी दोन उड्या मारून बघितल्या. सात.

त्या वेळी तो थांबला असता, कुणाला तरी विचारलं असतं, तर निभावून गेलं असतं. पण तो कसला थांबतो! त्याच्या चेहऱ्यावर तोच सुस्कारा आला, माझ्या मशीनच्या वेळचा. "मित्रांनो, मी यांच्याच स्टेजवर उभा आहे, यांनीच मला बोलावलंय. पण माझं तोंड बंद राहत नाही. एवढं महाग मशीन आणि सात फ्रेम! तोंडावर सांगतो, घेऊ नका."

हॉलमध्ये टाळ्या आणि आरडाओरडा. कंपनीची साहेबमंडळी खुर्च्यांमधून अर्धी उठली. मी मांडीवर हात घेऊन बसले होते. पोटात गुदगुल्या होत होत्या, खोटं का बोलू?

इंजिनीअर बाई तरातरा स्टेजवर आल्या. दिराच्या हातातून माउस जवळजवळ हिसकावला आणि सेटिंगचं पान उघडलं, मागच्या पडद्यावर, भिंतीएवढं. "हे दोनशे टक्के कुणी केलं?" त्यांनी पट्टी शंभरवर आणली. आकडा उडाला: सत्तर, बहात्तर. घोडा भरधाव सुटला. हॉलमध्ये जो हशा पिकला तो थांबेना. कुणीतरी ओरडलं, "तोंडावर पडले की हो दादा!"

हेच मला हवं होतं. अगदी हेच. दिराचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि ते बघताना मला जे वाटलं ते मी कुठल्याही किमतीला परत देणार नाही.

पण बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. दीर माइकमध्ये चाचरत म्हणाला, "माझ्या... माझ्या वहिनींनी तपासलं होतं. सुरुवातीच्या आधी. त्या बरोबर आहे म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं कम्प्युटरचं दुकान आहे." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

कॅमेरा वळला. पडद्यावर घोड्याच्या जागी मी आले, इस्त्रीच्या कपड्यांत. मागून कुजबुज सुरू झाली: "अरे, ही तीच! बावीसवाली!" आणि पुन्हा हशा. इंजिनीअर बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. त्यांनी दयेने बघितलं. माइक जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "असू दे. ही खालची ओळ नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही."

नवखी! मी! इतकी वर्षं स्क्रीन विचारल्याशिवाय ज्या बाईने कुणाला कार्ड दाखवलं नाही, ती नवखी!

नवऱ्याने माझा दंड धरला. "बस. बोलू नकोस. गप्प राहिलीस तर चूक म्हणून सुटेल."

त्याचं खरं होतं. गप्प राहिले असते तर माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. फार तर म्हणाले असते, बिचारीला कळत नाही. मी दंड सोडवला आणि स्टेजवर गेले. दिराच्या हातातून माइक घेतला.

"मला कळलं होतं," मी म्हणाले. "मी ती ओळ वाचली. दोनशे. दारातलं पोस्टर बघितलं तेव्हाच मला कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

मग मी दिराकडे बोट केलं.

"यांनी माझ्या मशीनचा व्हिडिओ केला, बावीस फ्रेमचा. आत्ता तुमच्या फोनवर लावा आणि मेन्यूतून बाहेर पडतानाचं पान थांबवून बघा. तिथेही दोनशे आहे. माझं मशीन यांनी चौपट कामाला जुंपलं आणि वर जगाला सांगितलं, घेऊ नका. आज या कंपनीचं मशीनही तसंच जुंपलं. फरक इतकाच, तेव्हा यांना माहीत नव्हतं आणि आज मला माहीत होतं."

माना खाली गेल्या, फोन निघाले. थोड्याच वेळात मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आहे रे! खरंच दोनशे आहे!" मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. दीर माझ्याकडे बघत होता, सगळ्या हॉलमध्ये आम्ही दोघंच असल्यासारखा.

"वहिनी, मी तुम्हाला विचारलं होतं. मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं होतंत का मला, तो व्हिडिओ टाकण्याआधी?"

इंजिनीअर बाईंनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. आता त्यांच्या नजरेत दया नव्हती. "बाई, तुम्ही कृपा करून खाली उतरा," त्या म्हणाल्या. मी खुशाल उतरले.

कंपनीने दिराचं नाव सगळीकडून काढलं. त्याने माझ्या मशीनचा व्हिडिओ उतरवला आणि एक नवा टाकला, दिवे न लावता. त्यात त्याने काय चुकलं ते नीट सांगितलं, वरची ओळ, खालची ओळ, सगळं. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. हे त्याने का केलं, मला आजवर कळलं नाही, आणि त्याचाही मला थोडा रागच आला. सासूबाई बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. एकदा सुया थांबवून म्हणाल्या, "तो न बघता बोलला. तू बघून बोलली नाहीस. मी कुणाची बाजू घेऊ, सांग?" नवऱ्याने दोन मजल्यांच्या मध्ये उभं राहायचं सोडून दिलं आणि कामावर जास्त वेळ थांबायला लागला.

दुकान मात्र भरलं. बावीसवाली कुणी म्हणेना. लांबलांबून लोक यायचे, म्हणायचे, "पोस्टरवरून पट्टी ओळखली ती ताई तुम्हीच ना?" मी नाक वर करून म्हणायचे, "आधी स्क्रीन कुठली ते सांगा." माझं सगळं परत मिळालं होतं, सव्याज.

मग एक बाई आल्या, लेकीसाठी मशीन घ्यायला. शिक्षिका असाव्यात, बोलणं मोजकं. स्क्रीन विचारायच्या आधीच त्यांनी सांगितली. मला त्या आवडल्या. मी मन लावून मशीन जोडलं, त्यांच्यासमोर चालवलं, आकडा दाखवला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे."

त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग जरा संकोचून हसल्या.

"ताई, तुम्हाला सगळं कळतं, म्हणून तर इतक्या लांबून आले," त्या म्हणाल्या. "पण मला सेटिंगचं प्रत्येक पान उघडून दाखवाल? म्हणजे मी स्वतः वाचते."

"मी बघितलंय सगळं."

"हो. तुम्ही त्या दिवशीही बघितलं होतं ना!"

त्यांचा आवाज अगदी साधा होता. टोमणा नव्हता, राग नव्हता. मी माउस घेतला आणि पहिलं पान उघडलं. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि एकेक ओळ बोट लावून वाचायला लागल्या. त्यांच्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही वाकून वाचायला लागली. मला रागवायचं होतं, पण कुणावर, ते मला सुचलं नाही. मी पुढचं पान उघडलं.